युद्धनौकेवरची गुपित रोजनिशी

मुलांनो, सोमवार हा आमच्या चौथीच्या वर्गात रोजनिशीच्या वह्या तपासायचा दिवस. मी पहिली वही उघडतो. ‘सकाळी उठलो. दात घासले. आंघोळ केली. शाळेत आलो. घरी गेलो. जेवलो. झोपलो.’ दुसरी वही उघडतो. तिच्यातही तेच, फक्त ‘उठलो’च्या जागी ‘उठले’. तिसऱ्या वहीत तर आंघोळही गाळलेली!

एकदा मी जरा रागावलोच. म्हटलं, “अरे, रोज तेच ते काय लिहिता?” तेव्हा मागच्या रांगेतला एक जण उभा राहिला आणि म्हणाला, “सर, आमच्या घरी त काहीच नाही होत. मंग काय लिहू?”

प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर म्हणून मी वर्गात एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो. गोष्ट खरी आहे. ती आहे एका साध्या खलाशाची आणि त्यानं लपवून ठेवलेल्या कागदांची.

समुद्रावरचं लोखंडी गाव

आमच्या शाळेतल्या पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. यवतमाळ जिल्ह्यातून मुंबईचा समुद्र सहाशे किलोमीटरहून लांब. आमच्या बाभुळगाव तालुक्यातल्या मुलांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे बेंबळा धरणाचं. तेव्हा मी त्यांना म्हटलं, “डोळे मिटा. बेंबळ्याचं पाणी आठवा. आता त्याचा पलीकडचा काठ पुसून टाका. डावीकडचा पुसा, उजवीकडचा पुसा. मागचाही पुसा. राहिलं काय? नुसतं पाणी! त्या पाण्यात एक जहाज आहे, आणि तुम्ही त्या जहाजावर आहात.”

त्या जहाजाचं नाव ‘माँटपिलियर’. अमेरिकेच्या नौदलाची ही क्रूझर जातीची युद्धनौका १९४२ साली नौदलात दाखल झाली. तिची लांबी ६१० फूट, म्हणजे सुमारे १८६ मीटर. आपल्या एसटीच्या सोळा-सतरा गाड्या एकीमागे एक उभ्या करा, तेवढी! जहाजावर माणसं बाराशेहून जास्त. एवढी वस्ती तर आपल्याकडच्या एखाद्या गावाची असते. स्वयंपाकघर, दवाखाना, दुरुस्तीचं दुकान, सगळं त्या लोखंडी गावात होतं. फक्त गावाबाहेर पडायला वाट नव्हती.

जहाजावर सहा इंची तोंडाच्या बारा मोठ्या तोफा होत्या. त्यांचा एकेक गोळा ५९ किलोचा, म्हणजे खताच्या भरल्या पोत्याहून जड. शिवाय विमानं पाडायला लहान तोफा होत्याच. अशाच एका ४० मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफेवर आपल्या गोष्टीतला खलाशी काम करायचा. त्याचं नाव जेम्स फेही.

कोण हा फेही?

फेही काही मोठा अधिकारी नव्हता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वॉल्थम नावाचं एक गाव आहे. पूर्वी ते घड्याळांच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध होतं. तिथला हा चोविशीच्या आसपासचा पोरगा.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. १९३९ साली ते युरोपात पेटलं. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानच्या विमानांनी पर्ल हार्बर या अमेरिकेच्या नौदल तळावर हल्ला केला आणि अमेरिकाही युद्धात उतरली. जेम्स फेही ३ ऑक्टोबर १९४२ रोजी नौदलात भरती झाला आणि त्याच दिवसापासून त्यानं रोजनिशी लिहायला घेतली.

गंमत अशी, की युद्धनौकेवर रोजनिशी ठेवायला बंदी होती! पण फेही लिहीत राहिला. वही नव्हे, सुटे कागद. सुटा कागद घडी करून ठेवता येतो आणि लपवायलाही सोपा. तोफेवरचा पहारा संपला, जरा सवड मिळाली, की चार ओळी लिहायच्या आणि कागद नजरेआड करायचा. असं एक-दोन दिवस नाही, तीन वर्षं!

बंदी कशासाठी?

तुम्ही म्हणाल, चार ओळी लिहिल्या तर नौदलाचं काय बिघडलं? जरा विचार करा. समजा एखाद्या खलाशानं लिहिलं, ‘आज अमुक बंदरात दारूगोळा भरला. उद्या उत्तरेला निघणार.’ पुढे ते जहाज बुडालं आणि तो कागद शत्रूच्या हाती पडला, तर? मागचे बेत कळले, पुढचे ताडता आले. चार ओळींपायी दुसऱ्या जहाजांवरच्या शेकडो माणसांचा जीव धोक्यात यायचा. म्हणून खलाशी घरी पत्र पाठवत, तेही अधिकारी आधी वाचायचे. जहाज कुठे आहे असा नुसता उल्लेख असला, तरी तेवढा भाग कापून टाकायचे.

ही गुप्तता फक्त दूरदेशीच होती असं नाही. आपल्या मुंबईचंच घ्या. १४ एप्रिल १९४४ या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ नावाचं मालवाहू जहाज उभं होतं. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं होती. आणि त्याच जहाजात कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी! आपण यवतमाळकर कापूस पिकवणारी माणसं. जिनिंगमध्ये ठिणगी पडली तर काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. गाठीतला कापूस आतल्या आत धुमसत राहतो. तसंच झालं. जहाजाला आग लागली आणि दुपारी चारनंतर लागोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. त्यांचा हादरा पार शिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. शेकडो माणसं मेली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन दिन म्हणून पाळतात.

एवढी मोठी घटना, पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत तिची सविस्तर बातमी नव्हती. युद्धकाळ होता ना! सरकारनं बातम्यांवर बंधनं घातली होती. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं मात्र दुसऱ्याच दिवशी सगळी हकिगत सांगितली. आपल्याकडच्या वार्ताहरांना ती बातमी पाठवायची परवानगी मिळायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला.

आता सांगा, फेहीनं नियम मोडला, हे बरोबर की चूक? आमच्या वर्गात यावर जोरदार भांडण झालं. अर्धी मुलं म्हणाली, नियम म्हणजे नियम. बाकीची म्हणाली, त्यानं लिहिलं नसतं तर आपल्याला कळलं कसं असतं? एक मुलगी म्हणाली, “सर, त्यानं लिहिलं ते बरोबर. पण कोणाच्या हाती लागलं असतं, त मंग चूक.” मी निकाल दिला नाही. तुम्हीही घरी यावर भांडून बघा.

कागदांवर काय होतं?

‘माँटपिलियर’ प्रशांत महासागरात लढत होती. २ नोव्हेंबर १९४३ च्या रात्री बोगनव्हिल बेटाजवळ, एम्प्रेस ऑगस्टा उपसागरात मोठी लढाई झाली. भर काळोखात दोन्हीकडच्या नौका एकमेकींवर आग ओकत होत्या. जपानची ‘सेंदाई’ ही क्रूझर आणि ‘हात्सुकाझे’ ही विनाशिका त्या लढाईत बुडाली. रात्रभर लढून थकलेल्या खलाशांना सकाळीही विसावा मिळाला नाही. दिवस उजाडताच जपानी विमानं चालून आली.

पुढच्या वर्षी, २७ नोव्हेंबर १९४४ रोजी, फिलिपाइन्सच्या लेटे आखातात याहून भयंकर प्रसंग आला. जपानचे कामिकाझे वैमानिक बॉम्ब लादलेलं आपलं विमानच शत्रूच्या जहाजावर आदळवत. विमानही जायचं आणि वैमानिकही. अशी विमानं त्या दिवशी अमेरिकी जहाजांवर तुटून पडली. फेही आपल्या तोफेवर उभा होता. ‘माँटपिलियर’ला इजा झाली, पण ती तरली. फेहीही वाचला.

या लढायांची माहिती इतिहासाच्या जाड जाड ग्रंथांत सापडते. लढाई किती वाजता सुरू झाली, किती नौका होत्या, सेनापती कोण होता, सगळं. मग फेहीच्या कागदांचं एवढं महत्त्व कशाला?

कारण सेनापतीच्या अहवालात उकाडा नसतो. फेहीच्या कागदांवर तो आहे. विषुववृत्ताजवळच्या उन्हात जहाजाचं लोखंड तव्यासारखं तापायचं. आत झोपणं अशक्य, मग डेकवरच्या उघड्या लोखंडावर अंग टाकायचं. मध्येच भोंगा वाजला की उठून तोफेकडे धावायचं. जेवणात काय होतं, पाऊस कसा आला, घरचं पत्र कधी आलं, दारूगोळा भरताना किती वेळ राबावं लागलं, हे सगळं त्यानं लिहिलं. सगळे दिवस लढाईचे नव्हते. पुष्कळसे दिवस तुमच्यासारखेच होते. सकाळी उठलो, काम केलं, जेवलो, झोपलो! पण फेही तेवढ्यावर थांबला नाही. झोपलो तर कुठे? जेवलो तर काय? उठलो तर कशानं? एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं त्यानं लिहिली आणि साधा दिवस वाचण्यासारखा झाला.

गंमत बघा. फेही समुद्रावर लिहीत होता, त्याच काळात हॉलंडमधल्या ॲम्स्टरडॅम शहरात ॲन फ्रँक नावाची मुलगी लपून बसलेल्या जागेत आपली रोजनिशी लिहीत होती. जून १९४२ मध्ये तेराव्या वाढदिवसाला तिला ती वही मिळाली होती. ती घराबाहेर पडू शकत नव्हती, फेही जहाजाबाहेर पडू शकत नव्हता. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. ॲन त्या युद्धातून वाचली नाही. तिची वही वाचली.

कचऱ्याच्या गाडीवरचा लेखक

१९४५ साली युद्ध संपलं. फेही आपल्या कागदांसह वॉल्थमला परतला. आता तुम्हाला वाटेल, तो मोठा लेखक झाला असेल, बंगला बांधला असेल. छे! तो गावातला कचरा उचलणाऱ्या गाडीवर चालक म्हणून कामाला लागला.

लढाई चालू असताना त्याच्या रोजनिशीतली एक ओळही छापली गेली नाही. युद्ध संपल्यावर अठरा वर्षांनी, १९६३ साली, ‘पॅसिफिक वॉर डायरी’ या नावानं ती पुस्तकरूपानं आली. तोवर त्यातल्या गुपितांनी कुणाचंही जहाज बुडणार नव्हतं. उरलं होतं ते फक्त एका माणसानं पाहिलेलं युद्ध. लोकांनी ते उचलून धरलं. पुस्तक गाजलं तेव्हाही फेही कचऱ्याची गाडीच चालवत होता.

आणि पुस्तकाचे पैसे? ऐकून तुम्ही चकित व्हाल. ते पैसे आपल्या देशात आले! दक्षिण भारतात एक चर्च उभं राहत होतं. पुस्तकाची कमाई फेहीनं त्या बांधकामासाठी देऊन टाकली. चोरून लिहिलेल्या त्या कागदांचं असं भारताशी नातं जुळलं.

माझी एक चूक

इथे गोष्ट संपली असती. पण मला तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे. ते माझ्याबद्दल आहे, आणि सांगायला सोपं नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. एका सोमवारी तिच्या वहीत मला ‘सकाळी उठले, दात घासले’ सापडलं नाही. तिनं लिहिलं होतं की काल बाबा कापूस विकून आले. गाडीचा आवाज आला म्हणून ती धावत दारात गेली. पण बाबा काही बोलले नाहीत. आईनं भाव विचारला, तर ते न जेवताच उठून गोठ्यात गेले. बराच वेळ आले नाहीत, म्हणून ही बघायला गेली. बाबा बैलाच्या पाठीवर हात ठेवून रडत होते.

वाचून माझ्या अंगावर काटा आला. एवढं खरं लिखाण मी कुठल्याच वहीत पाहिलं नव्हतं. मला इतकं कौतुक वाटलं, की मी ते पान तिला न विचारता भर वर्गात वाचून दाखवलं. ‘बघा, असं लिहायचं असतं!’ असंही वर म्हणालो.

ती मान खाली घालून बसली होती. मधल्या सुट्टीत कुणीतरी तिला विचारलं, “तुहे बाबा रडतेत काय गं?”

पुढच्या सोमवारी मी तिची वही मोठ्या उत्सुकतेनं उघडली. आत लिहिलं होतं, ‘सकाळी उठले. दात घासले. आंघोळ केली. शाळेत आले.’

मी तिची माफी मागितली. ती “बरं सर” म्हणाली. पण वर्ष संपेपर्यंत त्या वहीत दुसरं काही आलं नाही.

मुलांनो, फेहीच्या कागदांकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं बघतो. कागद कुणी वाचत नव्हतं, म्हणून त्याला भीती, थकवा, घरची आठवण असं सगळं लिहिता आलं. तेच कागद रोज संध्याकाळी सगळ्या जहाजासमोर वाचले गेले असते, तर त्यानंही काय लिहिलं असतं? ‘सकाळी उठलो. तोफ पुसली. जेवलो. झोपलो.’

आता आमच्या वर्गात एक नियम आहे. जे पान मी वाचू नये असं वाटतं, ते मुलांनी मधोमध दुमडायचं. दुमडलेलं पान मी उघडत नाही. फक्त वहीवर सही करतो.

आईबाबांनो, तुम्हालाही विनंती. लेकराच्या वहीत काय आहे, हे कळावंसं वाटणं साहजिक आहे. पण वही उघडू नका, त्याच्याजवळ बसा. त्याला सांगावंसं वाटलं तर ते आपणहून सांगेल. तुमच्या काळजीची जागा त्याच्या उशाशी आहे, त्याच्या दप्तरात नाही.

करून बघा

• वही नसली तरी अडत नाही. जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून घ्या. फेहीचं सुट्या कागदांवरही भागलं.

• आधी तारीख घाला. तारखेशिवाय रोजनिशी म्हणजे पत्त्याशिवाय पत्र.

• रोज फक्त पाच ओळी लिहा. पण ‘जेवलो’ असं लिहिलंत, तर काय जेवलो ते लिहाच.

• जे फक्त तुम्ही पाहिलं, ते आधी लिहा. मोठ्या बातम्या लिहायला वर्तमानपत्रं आहेत. तुमच्या आजीनं आज नातवाला हाक मारताना काकाचं नाव घेतलं, हे कोण लिहिणार?

• दुसऱ्याचं गुपित आपल्या वहीत असलं, तर ते वहीतच राहू द्या.

आणि हो, ‘आमच्या घरी त काहीच नाही होत’ म्हणणारा आमचा तो मित्र! ही गोष्ट ऐकल्यावर पुढच्या सोमवारी त्यानं वही आणून दिली. पहिल्या पानावर तारीख होती. तिच्याखाली ओळ होती, ‘काल रात्री वीज गेली. आजोबांनी अंधारात मला वाघाची गोष्ट सांगितली. वाघ खरा होता.’ पुढचं पान मधोमध दुमडलेलं होतं. मी सही केली आणि वही मिटली.

त्या सोमवारी आमच्या वर्गात अकरा पानं दुमडलेली होती. दर सोमवारी मी ती मोजतो. आकडा वाढला, की मला फार बरं वाटतं.